ठोका : येणे बाकी

एकदा थकबाकीदार ठरलेल्या गिऱ्हाइकाला पुन्हा कर्ज द्यावे की नाही, या प्रश्नावर बँकेत परिपत्रके आहेत. एकदा बेताल झालेल्या हृदयावर पुन्हा भरवसा ठेवावा की नाही, यावर मात्र एकही परिपत्रक नाही. हा प्रश्न ज्याचा त्याने, रात्री अडीच वाजता, डाव्या कुशीवर पडून सोडवायचा असतो. (उजव्या कुशीवर तो इतका ऐकू येत नाही.)

गेल्या वर्षी माझ्या हृदयाचे 'अब्लेशन' झाले. हा शब्द आपल्याला नवा असेल तर आपले अभिनंदन. माझ्या दुखण्याचे नाव 'एट्रियल फिब्रिलेशन'. आमच्या शाखेत ते कोणालाच नीट म्हणता येत नाही. हेडकॅशियर 'फायब्रेशन' म्हणतात आणि शिपाई 'व्हायब्रेशन' म्हणतो. खरे सांगायचे तर शिपायाचे नाव रोगाला जास्त शोभते. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात. त्यांच्यात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे वेळा विजेची ठिणगी पडते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एक गाठ पहारेकऱ्यासारखी बसलेली असते. ती त्यातल्या थोड्या ठिणग्या खाली सोडते, बाकीच्या अडवते, म्हणून निभावते. पहिल्या तारखेला पेन्शनरांची झुंबड दारावर थोपवून धरणारा आमचा वॉचमन अगदी हेच करतो. फक्त तो ज्याला सोडतो तो क्रमाने सोडतो. गाठ मनाला येईल तेव्हा सोडते. नाडी बेताल होते ती त्यामुळे.

ही थरथर सुरू कुठे होते, ते १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पंचेचाळीस रुग्णांत त्यांना गडबडीची एकोणसत्तर ठाणी सापडली आणि त्यांतली पासष्ट हृदयाच्या कप्प्यात नव्हतीच. फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या शिरांत होती. म्हणजे घरात इतका वेळ चोर शोधत होते आणि तो बसला होता नळात. तेव्हापासून डॉक्टर जांघेतल्या शिरेतून तार वर नेतात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती गोल डाग देतात. कोणी उष्णतेने देतो, कोणी थंडीने, हल्ली कोणी विजेच्या क्षणभराच्या झटक्यांनी. डागातून वीज पलीकडे जात नाही. आमच्या आजोळी कावीळ झाली की डाग देत असत आणि आम्ही शिकलेली मंडळी त्याला हसत असू. आता मी हसत नाही. माझे डाग आतून आहेत, आणि त्यांचे बिल विमा कंपनीने पाहिले आहे.

यातली खरी मेख पुढे आहे. जगात कोणतीही जखम भरून आली की माणूस पेढे वाटतो. इथे उलटे. डाग देताना काही पेशी मरत नाहीत, नुसत्या बधिर होतात. सूज ओसरली की त्या शुद्धीवर येतात, वर्तुळाला फट पडते आणि वीज पुन्हा ये-जा करू लागते. दुखणे परत येण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच. म्हणून मी गेले वर्षभर परमेश्वराजवळ मागतो आहे की बाबा रे, आतली जखम म्हणावी तशी भरून येऊ देऊ नकोस. असली प्रार्थना ऐकायची सवय त्यालाही नसावी.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला धडधडलं तर ते मोजायचं नाही." याला त्यांच्यात 'ब्लँकिंग पिरियड' म्हणतात. पूर्वी तो तीन महिन्यांचा धरत. २०२४ साली जगभरच्या तज्ज्ञांनी तो आठ आठवड्यांवर आणला. तो संपल्यावर तीस सेकंदांहून जास्त वेळ बेताल चालले, तर आजार परतला असे कागदोपत्री मानतात. एकोणतीस सेकंद धडधडले तर शास्त्राच्या दृष्टीने काही घडलेच नाही. मला हे ऐकून फार आपलेपणा वाटला. आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता चुकेपर्यंत खाते चांगले असते आणि एक्याण्णवाव्या दिवशी ते 'एनपीए' होते, मग खातेदार तोच आणि म्हैस तीच का असेना. पण आमच्या नियमाला दुसरा अर्धा भाग आहे. खातेदाराने सगळी थकबाकी भरली की खाते पुन्हा 'स्टँडर्ड' होते आणि मॅनेजर त्याला चहा पाजतो. माझ्या हृदयाने वर्षभर एकही हप्ता चुकवलेला नाही. तरी मी त्याला चहा पाजायला तयार नाही. का नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

बी. कॉम.ला आम्हाला एक सूत्र शिकवले होते : संभाव्य तोट्याची तरतूद करावी, संभाव्य नफा जमेस धरू नये. पुढची वीस-बावीस वर्षे बँकेत काढल्यामुळे हे सूत्र माझ्या रक्तात गेले आहे, आणि ते रक्त आता या हृदयातून फिरते. चिंता म्हणजे दुसरे काय, तरतूदच. पण त्याच पुस्तकात पुढच्या पानावर असेही होते की तरतूद गरजेपेक्षा जास्त केली तर 'गुप्त राखीव निधी' तयार होतो, नफा झाकला जातो आणि ताळेबंद खोटा ठरतो. तोटा लपवणारा लबाड हे सगळ्यांना पटते. नफा लपवणाराही लबाडच, हे पटायला जड जाते. वर्षातल्या तीनशे पासष्ट दिवसांत नाडी सरळ चालली आणि त्यातला एकही दिवस मी नफ्यात दाखवला नाही, तर तो हिशेब खरा म्हणायचा का?

यावर माझे मलाच उत्तर तयार असते. ते असे, की काळजी हे कर्तव्य आहे. या दुखण्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी. ती चालू ठेवायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह असल्या गोष्टींची बेरीज करून ठरते. अब्लेशन यशस्वी झाले म्हणून ती आपोआप सुटत नाही. माझ्या बेरजेत रक्तदाब आहे. मी गोळी घेतो, पाच किलो वजन उतरवले, मेहुण्याच्या पार्टीत लिंबूसरबत पितो. ही तरतूद रास्त आहे, ऑडिटरही मान्य करील. पण ही सगळी कामे सकाळी आठ ते रात्री नऊच्या आत आटोपतात. अडीच वाजता जी उरते ती चिंता कोणत्या हेडखाली टाकायची? ती काहीच काम करत नाही.

पण काम न करणारी चिंता वाईटच, असे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. पोरीला क्लासहून यायला उशीर झाला की तिची आई गॅलरीत उभी राहते. गॅलरीत उभे राहिल्याने लोकल लवकर येत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी उद्या तिने ते सोडले तर मला बरे वाटेल का? नाही वाटणार. मग पोरीसाठी जे शोभते ते आपल्याच हृदयासाठी का शोभू नये? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एक फरक दिसतो : गॅलरीतली बाई पोरगी दिसली की आत येते. माझी पोरगी दर सेकंदाला घरी येते आणि मी गॅलरीतच.

महाभारतात यक्षाने युधिष्ठिराला विचारले, सगळ्यात मोठे आश्चर्य कोणते? तो म्हणाला, रोज माणसे मरताना दिसतात, तरी उरलेल्यांना वाटते आपण कायमचे आहोत. धर्मराजाविषयी आदर राखून सांगतो, आमचा अख्खा गृहकर्ज विभाग याच आश्चर्यावर चालतो. वीस वर्षांच्या कर्जावर सही करताना ज्याचा हात मनगटाकडे जाईल त्याला घर मिळायचे नाही. आपल्याला हृदय आहे हे विसरणे, हीच तब्येत. डॉक्टरांनी मला ठोका परत दिला. हा विसर परत द्यायची तार अजून निघालेली नाही.

उलट, आठवण देणारी यंत्रे मात्र निघाली. माझ्या मनगटावर एक घड्याळ आहे, ते तीस सेकंदांत हृदयाचा आलेख काढते. जुने वैद्य तीन बोटे ठेवून सांगत : वाताची नाडी सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. निदान प्राणी तरी कळायचा. माझे घड्याळ कधी 'नियमित' म्हणते आणि कधी 'अनिर्णीत', आणि अनिर्णीत म्हटल्यावर त्या चिंतेने जे धडधडते तेही घड्याळच मोजते. एखादा ठोका मध्येच जास्तीचा पडणे हे धडधाकट माणसातही होते, हे मला डॉक्टरांनी तीनदा सांगितले आहे. पण भाषेची मोडतोड झाली ती झालीच. परवा मालिका बघताना आमची ही म्हणाली, "बाई, माझ्या काळजाचा ठोकाच चुकला!" मी विचारले, "किती सेकंद?"

ती हसली नाही. आणि इथे माझ्या विनोदाची मुदत संपते.

कारण आमच्या घरात त्या दुखण्याचे नाव कोणी घेत नाही. खेड्यात रात्री सापाला साप म्हणत नाहीत, तसे. फक्त "आलं का?" असे विचारतात. माझी दोन बोटे मनगटावर गेली की स्वयंपाकघरातला झारा थांबतो. बारावीतली मुलगी पुस्तकातून डोके वर काढत नाही, पण पान उलटणे बंद होते. मला ते पान ऐकू येते, म्हणजे ऐकू येत नाही. जोपर्यंत मी बोटे काढून पेपर उचलत नाही तोपर्यंत तिघेही श्वास धरून. मला वाटत होते चिंता माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ती तर जॉइंट खात्यात आहे, आणि व्यवहार करण्याचा अधिकार – 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. हे शब्द मी हजारो अर्जांवर उलगडून सांगितले आहेत, पण त्यांचा अर्थ त्या न उलटलेल्या पानापाशी मला पहिल्यांदा बोचला.

तेव्हापासून मी नाडी मानेवर बघतो, कॉलर सारखी केल्यासारखे करून. बँकेच्या भाषेत याला 'विंडो ड्रेसिंग' म्हणतात : मार्चअखेरीस काच पुसून माल मांडायचा. हे खोटे बोलणे झाले का? आपल्या माणसांपासून भीती लपवणे ही फसवणूक की सौजन्य? आमच्या शेजारचे काका म्हणतात, घरच्यांपासून काही लपवू नये. पण काकांना कधी काही झालेले नाही, आणि ते नसलेलेही लपवत नाहीत.

या मार्चअखेरीस शाखेत रात्री उशीर झाला. संगणक आल्यापासून ताळा आपोआप जमतो असे म्हणतात. मग जमलेल्या ताळ्याची पत्रके, सह्या, शिक्के यांना रात्रीचे साडेदहा का वाजतात, ते संगणकालाच ठाऊक. स्टेशनवरून चालत येताना माझ्या ध्यानात आले, दुपारी चारपासून आपला हात मनगटाकडे गेलेला नाही. साडेसहा तास! आणि हे ध्यानात आल्याबरोबर तो गेला. आमच्याच जिन्यात, दिव्याखाली उभा राहून मी मोजू लागलो. बहात्तर. सरळ. पुन्हा मोजत होतो तेवढ्यात दार उघडले.

हिने माझ्या हाताकडे पाहिले. "आलं का?"

"नाही," मी म्हणालो, "मी आलोय."

"मग चपला काढा," ती म्हणाली. "आमटी गरम करतेय."