वण

त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटोग्राफर होते. कॅमेरा माणसातले बळ ओढून घेतो, या भीतीने तिथले लोक फोटो काढून घ्यायला कचरत, असे सांगतात. आपण त्यांना हसतो. पण चित्र आपल्याकडून काहीतरी घेते, ही शंका मला हल्ली खुळी वाटत नाही.

ऑस्कर वाइल्डच्या कादंबरीवर अल्बर्ट लेविनने १९४५ साली 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' हा सिनेमा काढला. आपण तरुणच राहावे, म्हातारपण आपल्या चित्राने सोसावे, एवढीच देखण्या डोरियनची इच्छा. ती फळते. पापे तो करतो आणि सडते चित्र. सगळा सिनेमा कृष्णधवल. ते चित्र मात्र मोजक्या क्षणी रंगीत दिसते. आयव्हन ऑलब्राइटने रंगवलेले ते सडके, फोडांनी भरलेले रूप पाहून मी दचकलो, आणि मला अम्मी आठवली.

अम्मीला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर वण होते. ती गेल्यावर तिचा एकुलता एक फोटो मी जुन्या नाशकातल्या एका स्टुडिओत मोठा करायला दिला. "साफ करू का?" त्याने विचारले. मी लगेच हो म्हणालो. निगेटिव्हवर पेन्सिलीच्या बारीक टोकाने त्याने सगळे वण बुजवले. फ्रेम भिंतीवर लागली. खाला आली, बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ये तो आपा नहीं."

डोरियनला स्वतःच्या रूपाचा गर्व होता. मला आईच्या रूपाची लाज वाटली होती; अधिक वाईट काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सिनेमाशी माझे भांडण आहे ते इथे. पाप दाखवायला तो कुरूपता वापरतो, आणि मग पाहणाऱ्याला कुरूपताच पाप वाटू लागते. अम्मीच्या गालांनी कुणाचे काय बिघडवले होते? तरी त्याच कथेत उलटी गोष्टही आहे. डोरियनबद्दल शहरभर कुजबुज असते, पण चित्रकार बॅझिलला ती पटत नाही, कारण इतका निर्मळ चेहरा! आपण सारे बॅझिलच. चेहरा पाहून माणसाला सोडतो आणि चेहरा पाहूनच पकडतो.

मूळ फोटो खाला मागून घेऊन गेली. माझी मुलगी भिंतीवरच्या बाईलाच दादी समजते. आणि डोळे मिटले की हल्ली माझ्याही समोर तोच नितळ चेहरा येतो.