धास्ती आणि खात्री

एकदा झालेले तारण पुन्हा कधीच जात नाही, असे माणसाला सांगितले तर तो मोकाट सुटणार नाही का? हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच उभा केला आणि तिथल्या तिथे धुडकावलाही. आपल्याकडे रामानुजीय वैष्णवांनीही अशाच प्रश्नावर दोन तट पाडले: पिल्लाने आईला धरायचे ते माकडाचे, आईने पिल्लाला धरायचे ते मांजराचे. युरोपात मांजराची बाजू कॅल्विनपंथीयांच्या 1618-19 च्या डॉर्ट धर्मसभेने घेतली. निवडलेला माणूस घसरेल, दावीद आणि पेत्र घसरले तसा जबर घसरेल, पण देव त्याला सोडणार नाही. इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्लीला हे मान्य नव्हते. विश्वासी माणूसही कायमचा हातचा जाऊ शकतो, असे त्याने 1751 मध्ये लिहिले.

यावर कॅल्विनपंथीयांचे उत्तर ठरलेले असते: जो मोकाट सुटला, त्याचे मुळात तारण झालेच नव्हते. हे उत्तर इतके बंदिस्त आहे की कोणताच पुरावा त्याच्या आत शिरू शकत नाही. म्हणून मला तत्त्वापेक्षा माणसे पाहावीशी वाटतात.

जॉन न्यूटन हा इंग्लिश खलाशी 1748 मध्ये वादळात बुडता बुडता वाचला आणि देवाकडे वळला. शिव्याशापांची सवय सुटली. पुढे तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला आणि रविवारी खलाशांना जमवून उपासना घेऊ लागला. अशाच एका जहाजावर बंडाचा संशय आला तेव्हा त्याने गुलाम मुलांना बेड्या घातल्या आणि कबुलीसाठी त्यांचे अंगठे चापात पिळले. ही नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. त्या काळात त्याच्या मनाला एक धास्ती होती. आपण पुन्हा पूर्वीसारखे देवाला सोडून जाऊ, ही. गुलामांच्या व्यापाराची नव्हे. 1754 मध्ये सेंट किट्स बेटावर अलेक्झांडर क्लूनी नावाचा दुसरा कप्तान त्याला भेटला. आपले राखण आपल्या बळावर नाही, देवाच्या करारावर आहे, हे त्याच्याकडून न्यूटनला उमगले आणि ती धास्ती गेली. त्याच वर्षी तो समुद्रावरून कायमचा उतरला. सदसद्विवेकाने नव्हे, अचानक आलेल्या झटक्याने. दहा वर्षांनी आत्मकथन छापताना त्याने लिहून टाकले की या धंद्याच्या योग्यायोग्यतेबद्दल तेव्हा मनात किंतुही आला नव्हता.

म्हणजे धास्ती होती तेव्हाही तेच आणि खात्री आली तेव्हाही तेच. दोन्ही तट दारू, बाई आणि शिवी यांचा हिशेब मांडून भांडत होते. ज्याला त्या काळच्या भल्या माणसांनी पाप म्हणायचे ठरवलेच नव्हते, ते दोघांच्याही वहीत नव्हते.

खात्रीने माणूस निर्ढावतो म्हणावे, तर भीती त्याला सुधारते का? बकिंगहॅमशरमधल्या ओल्नी गावात न्यूटन धर्मोपदेशक होता, तेव्हा कवी विल्यम कूपर त्याचा शेजारी होता. दोघांची स्तोत्रे 1779 च्या एकाच संग्रहात आहेत. ‘अमेझिंग ग्रेस’ त्यातलेच, न्यूटनचे. कूपरचे मन 1773 मध्ये ढासळले. देवाने आपल्याला कायमचे टाकले, असे त्याने धरले आणि पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. त्याने मोकाट सुटायला हवे होते. गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते. तो घरी ससे पाळत, बाग करत, कविता लिहीत राहिला. 1788 मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्धही कविता लिहिल्या.

त्याच 1788 मध्ये न्यूटनने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका काढली. जहाजाच्या पोटात माणसे कशी दाटीने निजवत, हे कप्तानाच्या माहितीने लिहिले आणि आपलाही त्यात हात होता, हे लपवले नाही. तेव्हा तो लंडनमधला नावाजलेला धर्मोपदेशक होता आणि तारण जात नाही, या मतावर तितकाच ठाम होता. ही कबुली त्या खात्रीमुळे उशिरा आली, असे वेस्लीचे अनुयायी म्हणतील. मला उलटेही दिसते: ज्याला नरकाची धास्ती उरलेली नसते, त्याला स्वतःबद्दलचे सर्वांत वाईट छापून टाकणे परवडते. न्यूटनचे वय तेव्हा बासष्टच्या पुढे होते.