अडवणुकीची किंमत

जून २०२५ मध्ये न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गाळउपशाच्या कामाबद्दल सीबीआयने गुन्हा नोंदवला. बंदराचे अधिकारी, सल्लागार आणि ठेकेदार यांच्या संगनमताने जादा उपशापोटी पैसे दिले गेले आणि सरकारी तिजोरीचे ८०० कोटींहून अधिक नुकसान झाले, असा आरोप आहे. तो न्यायालयात सिद्ध व्हायचा आहे. पण ही बातमी वाचणाऱ्या कोणालाही यात भ्रष्टाचार कुठे, असा प्रश्न पडला नसेल. याच बंदरासाठी जमीन दिलेल्या उरण तालुक्यातील शेतकऱ्यांनी हक्काच्या भूखंडाची पिढीभर वाट पाहिली, त्याला मात्र आपण दिरंगाई म्हणतो, फार तर अन्याय म्हणतो. भ्रष्टाचार म्हणत नाही. मला ही विभागणी चुकीची वाटते. दुसऱ्याच्या हक्काची गोष्ट आपल्या अखत्यारीत आहे म्हणून अडवून ठेवणे, हे भ्रष्टाचाराचे मूळ रूप आहे. पैसे त्यानंतर येतात आणि कधी कधी येतही नाहीत.

आपल्याकडची भ्रष्टाचाराची समज एकदम तयार झाली नाही. पेशवाईच्या अखेरीस वसुलीच्या जमाखर्चात ‘दरबार खर्च’ मांडला जाई आणि वरच्या कामदारांना द्यायचे पैसे त्यात बसत. अशा गुपचूप द्यायच्या रकमेला ‘अंतस्थ’ म्हणत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात वसुलीचे मक्ते बोली लावून दिले जाऊ लागले. मक्तेदाराने वर भरलेला पैसा खालून काढायचा, हा व्यवहाराचा भाग झाला. ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या रीतींची नोंद केली. त्या काळच्या रयतेला हे जाचक वाटत असणारच. पण राज्य वेगळे आणि राज्य चालवणाऱ्याचा खिसा वेगळा, ही रेघच पुसट होती. रेघ नसेल तर ती ओलांडल्याचा ठपका कोणावर ठेवणार?

ती रेघ १८६० च्या भारतीय दंडविधानाने ओढली. सरकारी नोकराने पगाराव्यतिरिक्त कामाबद्दल काही घेतले, तर तो गुन्हा. ही मोठी गोष्ट होती, पण तिने भ्रष्टाचाराला घेण्याच्या क्षणापुरते बांधून टाकले. घेणारा हात सापडला तर गुन्हा, न सापडला तर काही घडलेच नाही.

या व्याख्येची परीक्षा पुण्यात १८८८ साली झाली. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड मध्यस्थामार्फत मामलेदारांकडून नेमणुका आणि बदल्यांसाठी पैसे घेतात, असे आरोप झाले आणि चौकशी आयोग बसला. साक्ष देणाऱ्यांना अभयवचन मिळाले, तेव्हा मामलेदार पुढे आले. आयोगाने लाचेचे आरोप सिद्ध मानले नाहीत. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे घेतल्याचे मात्र मानले आणि क्रॉफर्ड यांची नोकरी गेली. खरा वाद पुढेच पेटला. ज्यांनी पैसे दिल्याचे स्वतः कबूल केले, त्या मामलेदारांनी खुर्चीवर राहावे का? विलायतेपर्यंत ओरड झाली, काहींना काढले गेले. वचन दिलेल्यांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून टिळक त्यांच्या बाजूने उभे राहिले.

या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते ती विकली गेलेली वस्तू. बदली हा वरिष्ठाचा वैध अधिकार होता. ती वेळेत करणे, लांबवणे, गैरसोयीच्या ठिकाणी करणे, यातले काहीच बेकायदा नव्हते. मामलेदाराने पैसे मोजले ते हा अधिकार आपल्यावर उलटू नये म्हणून. आणि त्याने मोजलेले पैसे पुढे कोणाकडून वसूल होणार होते? रयतेची साक्ष काढायला कोणताही आयोग बसला नाही.

रयतेची बाजू जोतीराव फुल्यांनी त्याआधीच मांडली होती. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चे. फुले स्वतः बांधकामाची ठेकेदारी केलेले, त्यामुळे सरकारी कामांचे हिशेब कसे उभे राहतात हे त्यांनी जवळून पाहिले होते. लाच घेणारा माणूस वाईट असतो, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुलकर्ण्याने काय लिहिले हे शेतकऱ्याला वाचता येत नाही आणि कचेरीतले सगळे एकाच जातीचे, एकमेकांना धरून असतात, म्हणून तो नाडला जातो, हे त्यांनी दाखवले. लुबाडणूक नियत बिघडल्याने होते, त्याहून जास्त ती ज्ञानाच्या मक्तेदारीने होते. समुद्राच्या तळातून किती घनमीटर गाळ काढला हे मोजू शकणारी माणसे मूठभर असतात, तेव्हा फुल्यांचे निदान आजही तंतोतंत लागू पडते. पुढे याच क्रॉफर्ड यांच्या नावाच्या मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. नाव बदलणाऱ्यांच्या मनात १८८८ चे प्रकरण असेल असे वाटत नाही, तरी मला ते योग्य वाटते.

स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, १९४७ मध्ये, लाचलुचपत प्रतिबंधक कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर प्रश्न मंत्र्यांपर्यंत गेला. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, अर्थमंत्री राहिलेले चिंतामणराव देशमुख यांनी १९५९ मध्ये उच्चपदस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण मागितले. नेहरूंनी ते मानले नाही. पुढे लालबहादूर शास्त्रींनी नेमलेल्या संथानम समितीने १९६४ मध्ये अहवाल दिला आणि केंद्रीय दक्षता आयोग आला. या समितीने एक गोष्ट स्वच्छ सांगितली. लोक पुष्कळदा बेकायदा काम करून घेण्यासाठी पैसे देत नाहीत, कायदेशीर काम लवकर व्हावे म्हणून देतात. ‘स्पीड मनी’ हा शब्द तेव्हापासून आपल्या चर्चेत रुळला.

याचा अर्थ बंदराच्या गावात राहणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कंटेनर उतरला, मोफत दिवस संपले की सीएफएसचे, म्हणजे कंटेनर गोदामाचे, भाडे आणि शिपिंग लाइनचे डिटेन्शन शुल्क चढू लागते. बिल ऑफ एन्ट्री भरलेली आहे, ड्यूटीचे पैसे तयार आहेत, मालात खोट नाही. तरी तपासणी आजऐवजी परवा झाली, तर दोन दिवसांचा भुर्दंड आयातदाराला बसतो. अडवणाऱ्याला नकार द्यावा लागत नाही, कागद फेटाळावा लागत नाही. तो नुसता बसून राहिला तरी सीएचएला, म्हणजे आयातदाराच्या कस्टम्स एजंटला, फोन करावाच लागतो. २०२० पासून फेसलेस पद्धत आली, इथल्या मालाची आकारणी दुसऱ्या शहरातला अधिकारी करू लागला. समोरासमोर बसून होणारा सौदा त्याने अवघड झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. माल उघडून पाहण्याचे काम मात्र इथेच होते, आणि तिथे माणसाचीच मर्जी लागते.

रायगडचेच बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना व्याख्येला आणखी एक धक्का बसला. सिमेंट नियंत्रित होते, परवान्यावर मिळे. बांधकाम व्यावसायिकांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या दिल्या आणि त्यांना सिमेंट मिळाले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्यायमूर्ती लेन्टिन यांनी या दोन गोष्टींचा संबंध मान्य केला आणि अंतुले पायउतार झाले. पैसे खिशात न जाता विश्वस्त निधीत गेले, तरी भ्रष्टाचार होतो, हे लोकांना तेव्हा पटले. पण टंचाई आणि परवाना हातात असणे, हीच त्यातली खरी ताकद होती, इकडे लक्ष कमी गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व आले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. बंदरासाठी जमीन गेलेल्यांना त्या साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे मिळाली ती १६ ऑगस्ट २०१४ रोजी, पंतप्रधानांच्या कार्यक्रमात, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी त्यानंतरही वर्षे गेली. जुन्या शेवा कोळीवाड्याचे ऐंशीच्या दशकात पुनर्वसन केलेल्या हनुमान कोळीवाड्यात वाळवीने घरे पोखरली, तरी दुसऱ्या जागेसाठी लोकांना वारंवार समुद्रात उतरून बंदराचा मार्ग रोखावा लागला. यात कोणी लाच घेतली असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. पण हक्क मान्य झालेला आणि जमीन वापरात आलेली असताना एका पिढीने कचेऱ्यांचे उंबरे झिजवावेत, यात कोणाचे तरी अधिकार वापरले गेले आणि कोणाचे तरी आयुष्य खर्ची पडले. थकलेल्या माणसाकडून उद्याचा हक्क आज स्वस्तात लिहून घेणारे दलाल याच काळात पोसले जातात. कायद्याच्या नजरेत हा सगळा व्यवहार राजीखुशीचा.

विलंबातली ही अडवणूक ओळखण्याचा एक खरा प्रयत्न महाराष्ट्राने केला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर बदल्यांचे विनियमन आणि शासकीय विलंबाला प्रतिबंध करणारा एकच अधिनियम २००५ मध्ये झाला आणि २००६ पासून लागू झाला. क्रॉफर्ड प्रकरणाशी ओळख असलेल्याला बदली आणि दिरंगाई एकाच कायद्यात पाहून नवल वाटणार नाही. कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात म्हटले आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम त्याच वाटेने जातो. तरीही दोन्हींत विलंब हा शिस्तीचा प्रश्न राहतो. दुसरीकडे, २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचारविरोधी कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरला. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवण्याची सवलत आहे, पण ज्याची फाईल अजून त्याच टेबलावर आहे, तो सात दिवसांत कोणाच्या भरवशावर तक्रार करणार?

संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या करारातही भ्रष्टाचाराची व्याख्या नाही, वेगवेगळी कृत्ये आहेत. त्यांत अडवणुकीची भर घालायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. न्हावा शेव्याचे कस्टम्स ‘टाइम रिलीज स्टडी’ करते. माल उतरल्यापासून सुटेपर्यंत किती तास लागले, कोणत्या टप्प्यावर किती गेले, हे मोजून जाहीर करते. वर्षाला सत्तर लाखांहून अधिक टीईयू (वीस फुटी कंटेनरचे एकक) हाताळणाऱ्या बंदरात हे जमते. मग सिडको, बंदर प्राधिकरण आणि रायगड जिल्हाधिकारी कार्यालय यांनी प्रकल्पग्रस्तांच्या प्रत्येक फाईलसाठी हेच करावे. कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला आली, कधी गेली, कोणत्या शेऱ्यासह गेली, हे मराठीत, गावच्या ग्रामपंचायतीत लावावे. सकारण नसलेला विलंब सेवापुस्तकात लिहावा, आणि तो वारंवार झाला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला त्याची चौकशी करता यावी, पैसे सापडोत वा न सापडोत.