दैवाच्या आधीचं मिनिट

बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री महाराष्ट्रात अनेक घरी सटवाईची पूजा होते. कोरा कागद आणि लेखणी मांडली जाते. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहून जाते, अशी श्रद्धा. भिवंडीच्या खाडीकाठच्या घरात पाचवी पुजणारी आजी आणि तिथल्याच शांतीनगरच्या खोलीत नातवाच्या कानात अजान देणारे आजोबा यांच्या रीतीभाती वेगळ्या. पण तान्हं मूल दगावलं की दोन्ही घरांतून उमटणारे शब्द सारखेच असतात. एकीकडे ‘एवढंच आयुष्य लिहून आणलं होतं’, दुसरीकडे ‘इतनी ही लिखी थी’.

या शब्दांना कुणी अडाणीपणा म्हणू नये. जिच्या मांडीवर मूल गेलं, तिला दुसऱ्या दिवशी उरलेल्या लेकरांसाठी चूल पेटवायची असते आणि तेवढं बळ हे शब्द तिला देतात. खरा प्रश्न ते केव्हा उच्चारले जातात, हा आहे. मूल गेल्यावर ते सांत्वन असतं. मूल धापा टाकत असतानाच ते कुणाच्या मनात आले, तर रिक्षा बोलवायला उशीर होतो.

न्यूमोनियात हा उशीर फार महाग पडतो. मुलांचा साधा सर्दी-खोकला बहुतेकदा विषाणूंचा असतो आणि तो आपोआप बरा होतो. त्याला अँटिबायोटिक लागत नाही, अंगावरचं दूध आणि ऊब पुरते. धोका ओळखायचा तो श्वासावरून. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगातलं झबलं वर करायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर डॉक्टरकडे जायचं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सुस्तावलं असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थेट रुग्णालय गाठायचं. छाती अशी आत ओढली जाण्याला मराठी आया ‘पोट उडतंय’ म्हणतात, भिवंडीतल्या यंत्रमागावरच्या कामगारांच्या बायका ‘पसली चल रही है’. खूण दोघींनाही ठाऊक असते. पुढे काय करायचं, इथे अडतं.

अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत हाच प्रश्न हातात घेतला. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना त्यांनी श्वास मोजायला आणि साधं अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते, त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी लावलेलं साधन आलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या पद्धतीने न्यूमोनियाच्या 612 आजारपणांत उपचार झाले आणि मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के राहिलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते 13.5 टक्के होतं. जी मुलं वाचली, त्यांचं कपाळ शेजारच्या गावातल्या मुलांपेक्षा वेगळं होतं, असं कोण म्हणेल?

श्रद्धेच्या परंपरांनाही हे अमान्य नाही. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, या आशयाची हदीस तिर्मिझींच्या संग्रहात आहे. समर्थ रामदासांचा सगळा भर यत्नावर आहे. अल्लाहवरचा भरवसा म्हणजे तवक्कुल असो की ईश्वरार्पण, माणसाने आपल्या वाटचं काम केल्यावरच त्याची पाळी येते. आधीच हात टेकणं याला शरणागती म्हणता येत नाही. तिथे शरण जाणाऱ्याने अजून काही केलेलंच नसतं.

कर्मसिद्धान्ताला मात्र याहून कठीण प्रश्न विचारावा लागतो. नोव्हेंबर 2022 मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला. गोवराने मुलं दगावतात त्यातली बरीचशी पुढे होणाऱ्या न्यूमोनियाने. त्या महिन्यात मुंबईत मरण पावलेल्यांत भिवंडीचं एक आठ महिन्यांचं मूल होतं. गोवराची पहिली नेहमीची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते. म्हणजे त्याचं रक्षण त्याच्या स्वतःच्या दंडात नव्हतंच. ते होतं गल्लीतल्या मोठ्या मुलांच्या दंडात. आठ महिन्यांच्या जिवाच्या पूर्वजन्मात कारण शोधायला निघालं की याच जन्मातली, चार घरं पलीकडची, चुकलेली लस नजरेआड होते. कर्म मानायचंच असेल, तर ते सगळ्या वस्तीचं मिळून मानावं लागेल.

हवेचंही तेच. भिवंडीत रात्रंदिवस खडखडणारे माग, त्यांची उडणारी रुई, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर, गोदामांकडे धावणाऱ्या ट्रकांनी उठवलेली धूळ, आणि मागाच्या भिंतीला लागूनच झोपलेलं तान्हं. यातलं काहीही आकाशातून पडलेलं नाही. बॉयलरमध्ये चिंध्या आणि प्लास्टिक जाळायचं की नाही, हे माणसंच ठरवतात. अशा ठिकाणी ‘नशीब’ म्हणणं आईला परवडेल. कारखानदाराला आणि महापालिकेला ते म्हणू देऊ नये.

धर्मस्थळ काय करू शकतं, हेही याच शहराने दाखवलं आहे. 2020 मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं होतं आणि खाटा अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा शांतीनगरच्या मक्का मशिदीत प्राणवायूची सोय असलेल्या खाटा लागल्या, गरजूंच्या घरी सिलिंडर मोफत पोहोचवले गेले. नमाजाच्या जागी लोकांना श्वास मिळाला आणि त्यात कुणाला धर्म बुडाल्यासारखं वाटलं नाही.

मुलांसाठी करायचं काम याहून स्वस्त आहे. न्यूमोकोकल लस महाराष्ट्रात 2021 पासून सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. पुढच्या सत्राची तारीख शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीतून आणि आरतीनंतर मंडळाच्या मंडपातून सांगायला एक मिनिटही लागत नाही. सांगणाऱ्याने सोबत श्वास मोजायची रीत सांगितली, तर आणखी एक मिनिट.