आधी गप्प बसा

माणसाने स्वतःला कसे सुधारावे हे सांगणाऱ्या पुस्तकांनी माझ्या कपाटाचा एक अख्खा कप्पा भरला आहे. धूळ वाढली, एवढीच त्या कप्प्यातली प्रगती. काय सुधारायचे हे ठरवणारा जो कोणी आत बसलेला असतो, तोच बिघडला तर काय करायचे, हे मात्र त्यातले एकही पुस्तक सांगत नाही. ते मला परवा कीबोर्डने सांगितले.

हा कीबोर्ड पुतण्याने सुटे भाग आणून स्वतः जुळवून दिलेला. परवा तो एकाएकी मुका झाला. कुठलेही बटण दाबा, ढिम्म. पुतण्याला बोलावले. वडिलांच्या घराच्या वाटणीपासून दादाचे आणि माझे बोलणे नऊ वर्षे बंद आहे. पुतण्याची ये-जा मात्र चालू आहे. भांडणातही एखादी वायर जोडलेली ठेवावी, एवढे शहाणपण आमच्या घराण्यात आहे.

"काका, फर्मवेअर गेलंय."

"कुठे?" मी विचारले.

मग त्याने समजावले. आत एटीमेगा 32यू4 नावाची नखाएवढी चिप असते. कुठले बटण दाबले ते ओळखून ती संगणकाला नुसता आकडा कळवते. 'के'च्या बटणाचा 14. त्या चौदाचा 'के' करायचा की मराठी 'क', ते संगणक पाहतो. चिपचे हे ज्ञान म्हणजे फर्मवेअर. नवे ज्ञान आत घेणारा बूटलोडरही त्याच चिपच्या एका कोपऱ्यात राहतो. आमचा नेमका तोच बिघडला होता. म्हणजे चिपने आता मनात आणले तरी तिला स्वतःहून सुधारता येणार नव्हते. अशा वेळी बाहेरून प्रोग्रामर जोडावा लागतो.

तो बोटाएवढा निघाला. त्याच्या सहा वायरी. दोन विजेच्या, एक ताल धरणारी, एक सांगणारी, एक उत्तर आणणारी आणि सहावी रीसेटची.

"हिचं काम काय?"

"ही खाली धरली की चिपचं स्वतःचं सगळं बंद. त्याशिवाय तिला शिकवता येत नाही."

वायरी मी जोडल्या. चिप उत्तर देईना. सांगणारी आणि उत्तर आणणारी मी उलटसुलट लावली होती.

"ऐकायच्या जागी बोलणं लावलंत ना?" स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली. तिला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही. मी येतो.

वायरी बदलल्या. आता आधी सगळे पुसायचे होते. पुसलेल्या चिपमध्ये शून्ये असतील असा माझा समज. तर नाही! पुसल्यावर सगळीकडे एक होतो, आणि लिहिणे म्हणजे हव्या त्या जागी त्या एकाचे शून्य करणे. म्हणजे शिकायचे तर जागोजागी 'मी एक' म्हणणे सोडायचे. माझ्या पोटात गोळा आला. सगळेच पुसले, तर सुधारला कोण? दुसऱ्याचे ऐकून बदललेला माणूस तोच राहतो का? नऊ वर्षे मी याच भीतीने ताठ उभा आहे. तिला मी स्वाभिमान म्हणतो, एवढेच.

"पुसल्यावर ही आपण कोण तेही विसरते का रे?"

"नाही काका. तिची ओळख वेगळ्या जागी असते. ती पुसताच येत नाही."

लिहून झाले. मग प्रोग्रामरने लिहिलेले सगळे परत वाचून ताडून पाहिले. नुसते सांगून भागत नाही. काय पोचले तेही पाहावे लागते. कीबोर्ड बोलू लागला.

रात्री मी दादाला फोन लावला. त्याने उचलला, आणि मी सहावी वायर खाली धरली. दादा सतरा मिनिटे बोलला. वाटणीचे, आईच्या आजारपणाचे, मी न गेलेल्या दोन दिवाळ्यांचे. चार वेळा माझ्या ओठांवर चोख उत्तर आले. चारही वेळा गिळले. शेवटी त्याने विचारले, "काय समजलं, सांग बघू."

मी सांगितले. दोन ठिकाणी चुकलो. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.