दृष्टीआडची जखम

शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या मनुष्याचा श्वास सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती असतो. भूलतज्ज्ञ त्याच्या श्वासनलिकेत नळी घालतात. पूर्वी त्यासाठी रुग्णाच्या तोंडात डोकावूनच स्वरतंतू शोधावे लागत. २००१ मध्ये कॅनडाचे शल्यविशारद जॉन पेसी यांनी घडविलेला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आला. त्याच्या पात्यावरील सूक्ष्म कॅमेरा घशाचे चित्र पडद्यावर दाखवितो. अवघड घशांच्या रुग्णांवर या साधनाचे मोठे उपकार आहेत.

परंतु २००७ च्या सुमारास वैद्यकीय नियतकालिकांत निराळ्या नोंदीही येऊ लागल्या. नळीने क्वचित कोणाच्या मृदुतालूला, तर कोणाच्या टॉन्सिलजवळील पडद्याला भोक पडले होते. कारण साधे आहे. कॅमेरा आपल्या पुढचेच दाखवितो. ओठांपासून तेथवरची वाट त्यात दिसत नाही. डॉक्टरांची नजर पडद्यावर खिळलेली, नळीत ताठ तार. तेवढ्या अंतरात नळी कोणाच्याही नजरेखाली नसते.

मग दोष कोणाचा? उपकरणाने आपले काम केले. उपायही ठाऊक आहे: नळी तोंडात शिरताना नजर तोंडाकडेच ठेवावी आणि तिचे टोक पात्याजवळ पोहोचल्यावरच पडद्याकडे पाहावे. यास काही क्षणच लागतात. इजा विरळ आहे, हे म्हणणे खरे असले तरी उपाय ठाऊक असून तो टाळला, तर त्या इजेला केवळ अपघात म्हणता येणार नाही.

याहून कठीण प्रश्न पुढे आहे. रुग्णाला काहीच कळलेले नसते. नळी काढल्यावर घसा पुष्कळांचा दुखतो. म्हणून “दोन दिवस दुखेल” एवढे सांगून सुटता येते. वाक्य खोटे नाही. पण त्यामागे जखम लपविलेली असते. अशा जखमा बहुधा भरून येतात, काहींना टाके लागतात; तथापि जंतुसंसर्ग मानेत खोलवर उतरण्याचेही भय असते. ज्याला जखमेची वार्ताच नाही, त्याने ताप किंवा सूज आल्यावर कोणती शंका घ्यावी?

वाचकहो, निद्रिस्ताला साक्षीदार नसतो, म्हणूनच त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य अधिक असते. त्याने विचारण्यापूर्वीच त्याला सत्य सांगणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.