रोग्यास कोणी विचारिलें काय?

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय ओरडत होता. तो आंधळा आहे हें सर्वांस दिसत होतें. तरीहि प्रभूनें त्यास जवळ बोलावून, तुझी इच्छा काय आहे, असें विचारिलें. ही गोष्ट मार्काच्या दहाव्या अध्यायांत आहे. विचारण्याचें कारण काय? आम्हांस वाटतें कीं, आपलें मागणें आपल्या तोंडानें मागण्याचा मान प्रभूस त्या भिकाऱ्यास द्यावयाचा होता.

आमच्या भंडारा जिल्ह्यांत हा मान पुष्कळ रोग्यांस मिळत नाहीं. सिकलसेलचा आजार विदर्भांत अनेक घरीं आहे. आईबाप दोघांकडून दोष आला म्हणजे मुलाच्या रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडें फुटावीं अशा कळा येतात. हा आजार जन्माचा सोबती. नागपुरास कितीदां न्यावें, शाळा सोडावी कीं काय, धानाच्या कापणीस जावें कीं नाहीं, लग्न करावें कीं नाहीं, हें सारें बाप, मामा व शेजारी ठरवितात; ज्याचें अंग दुखतें तो खाटेवर पडून ऐकतो. "पोराला कांहीं सांगूं नका," असें आम्हांसहि उंबरठ्यावर बजावण्यांत येतें. यांत माया आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पोरास आपला आजार हाडांवरून कळलेलाच असतो. न कळल्याचें सोंग मात्र त्यास एकट्यास वाहावें लागतें.

इच्छा विचारणें म्हणजे आशा सोडणें नव्हे. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें पुष्कळांच्या कळा कमी होतात. तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं जरूर द्यावें. रोग्याच्या इच्छेचें नांव करून जो खर्च टाळितो, त्यानें आपलें मन तपासावें. ज्यास सर्व ऐकावयाचें नाहीं, त्यावर तें लादूंहि नये. किती सांगूं, हेंहि त्यालाच विचारावें.

बरें होण्याची आशा न उरल्यास कोणते उपचार नकोत, हें प्रौढ मनुष्यास शुद्धीवर असतां लिहून ठेवतां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं दिला, व २०२३ सालीं त्याची रीत सोपी केली. पण कागद बोलण्यानंतरचा. आमच्या खेड्यांत बोलणेंच होत नाहीं.

पाळक व वडील आजाऱ्याकडे जातात तेव्हां लगेच प्रार्थना सुरू होते. (लांब प्रार्थनेआड लपणें सोपें असतें; आम्हीहि लपलों आहों.) यापुढें आधीं खाटेजवळ बसावें. तुला भीति कशाची वाटते, काय करावयाचें राहिलें आहे, असें विचारावें, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावें.